यादवीचे रुपये

आमच्या घरात चांदीला हात लावण्याचा अधिकार एकाच माणसाला होता, आणि तो माणूस स्वतःच्या चहाचा रिकामा कप कधी स्वयंपाकघरापर्यंत नेत नसे. बाबांची चांदी म्हणजे वाट्या-तांब्ये नव्हेत. तसलं आमच्याकडे फार नव्हतंच; आईच्या माहेरचा एक करंडा आणि एक निरांजन, संपलं. बाबांची चांदी म्हणजे नाणी, आणि तीही वाटेल ती नव्हेत. शाहजहान आजारी पडला तेव्हा बाप आहे की गेला एवढी खात्री करून घेण्याइतकाही धीर न धरता त्याचे चौघे मुलगे गादीसाठी एकमेकांवर तुटून पडले, आणि त्या धुमाळीत ज्याला टांकसाळ सापडली त्याने स्वतःच्या नावाचे रुपये पाडून घेतले. बाबा फक्त ते रुपये गोळा करत. बाकीचे लोक अकबरापासून जॉर्जपर्यंत मिळेल ते जमवतात, त्यांना बाबा ‘भंगारवाले’ म्हणत. स्वतःच्या संग्रहाला ते म्हणत ‘यादवीचे रुपये’. यादवी म्हणजे घरातल्या घरात पेटलेलं युद्ध. श्रीकृष्णाच्या डोळ्यांदेखत त्याचे यादव आपसांत मारामारी करून संपले, त्यावरून आलेला शब्द. मला तो सात-आठ वर्षांची असतानाच ठाऊक झाला होता, कारण आमच्या दोन खोल्यांत दुसरं काही कानावर पडणं शक्यच नव्हतं.

सरोजिनी नगरचं ते सरकारी क्वार्टर. पुढे व्हरांडा, त्यात वेताची एक खुर्ची, खुर्चीच्या डोक्यावर बैठकीची खिडकी. खिडकीत उन्हाळ्यात कूलर बसायचा, हिवाळ्यात ती उघडी असायची आणि मार्केटमधली ‘दस का एक, दस का एक’ ही आरोळी सरळ आत यायची. बैठकीत एका भिंतीला बाबांचं नाण्यांचं कपाट होतं, चपट्या खणांचं, आत लाल बनातीचं अस्तर लावलेलं. त्या जागी शुभाताईचं अभ्यासाचं टेबल मावलं असतं. ताई माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी, आणि तिने बी.कॉम.चा सगळा अभ्यास स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून केला. मुराद, शुजा, औरंगजेब या शाहजाद्यांना मात्र प्रत्येकी स्वतंत्र खण होता.

दर रविवारी मंडळी जमत. मंडळी म्हणजे तिघे-चौघे, त्यात मुख्य कोहलीसाहेब. रेल्वेत मोठ्या हुद्द्यावरचे, गोरेपान, हसरे, आणि बाबांच्या ज्ञानापुढे कायम मान डोलावणारे. बाबांना मित्र लागत नसत, माना लागत. मग एकेक रुपया कडेने धरून बाहेर यायचा. तेव्हाचे रुपये यंत्रावरचे नव्हते. चांदीची जाड टिकली ठशावर ठेवायची, वरून दुसरा ठसा धरायचा आणि हातोडा घालायचा. ठसा मोठा आणि टिकली लहान, त्यामुळे राजाचं अख्खं नाव कधीच उमटायचं नाही; थोडं चांदीवर, थोडं हवेत. कुणाचं नाव किती उमटलंय यावर या मोठ्या माणसांची तासन्‌तास चर्चा चाले. बाबांचा जीव मुरादच्या एका सुरती रुपयावर होता, कारण त्यावर नाव जवळजवळ पूर्ण होतं. तो ते देवघरातल्या चौरंगाच्या संगमरवरी फरशीवर हलकेच आपटून दाखवत. “नाद ऐका,” म्हणत. नाद ऐकू यावा म्हणून मंडळी घरात असेपर्यंत आईने कुकर लावायचा नाही असा नियम होता. शिट्टीने नादाचा भंग होतो. रविवारचं जेवण आमच्याकडे म्हणूनच कलत्या उन्हात व्हायचं. आई बिचारी तोवर साबुदाण्याचे वडे तळत बसे, दाण्याची चटणी वाटत बसे, आणि कोहलीसाहेब बाहेरून “भाभीजी, टिक्की तो कमाल है” असं ओरडत. अठरा वर्षं त्यांना ती टिक्कीच वाटली.

बाबांचं हिंदी हा दुसरा एक सोहळा होता. ऑफिसातल्या हिंदी पखवाड्यात निबंधाला पहिला नंबर आला म्हणून मिळालेलं घड्याळ कपाटाच्या वर टांगलेलं होतं. घरात आम्ही ‘अच्छा’ किंवा ‘चलो’ म्हटलं की ते डोळे मिटून घेत. मराठी मराठीच पाहिजे. आणि बाहेरच्यांशी हिंदी हिंदीच पाहिजे. कोहलीसाहेब दर रविवारी कधीतरी ‘सिविल वॉर’ म्हणायचेच, आणि दर रविवारी बाबा त्यांना अडवायचे. “कोहलीसाहब, गृहयुद्ध कहिए. अपनी भाषा में शब्द होते हुए उधार क्यों लें?” कोहलीसाहेब कान पकडत. “जी, गृहयुद्ध. गृहयुद्ध के रुपये.” मग मंडळी वड्यांकडे वळत. बाबांची आणखी एक आवडती गोष्ट होती, मुरादच्या पकडले जाण्याची. औरंगजेबाने धाकट्या भावाला प्रेमाने जेवायला बोलावलं, खाऊ-पिऊ घातलं, आणि तो सैलावला तसा धरून बेड्या घातल्या. “पाहुणा म्हणून बोलावून दगा!” बाबा मान हलवत म्हणायचे, आणि त्यांचा आवाज दाटून यायचा. सख्ख्या मुलीचा निकाल लागला तेव्हा तो दाटल्याचं मला आठवत नाही.

ताई फरीदाबादच्या एका कारखान्यात हिशेब विभागात लागली. सकाळी बस, संध्याकाळी बस, अंगाला कारखान्याच्या तेलाचा वास. तिथेच दिनेश इंजिनिअर होता. रेवाडीकडचा, सावळा, उंच, बोलायला सावकाश. ताईने आईला सांगितलं, आईने एक रात्र विचार करून बाबांना सांगितलं. ‘यादव’ हे आडनाव बाबांनी दोनदा विचारून घेतलं. मग म्हणाले, “येऊ दे की. बघू.” आम्हाला केवढा आनंद झाला! तसे बाबा पुरोगामीच होते ना. महाराष्ट्र मंडळात जातिभेदावर त्यांचं भाषण ठरलेलं असे, आणि त्यात टाळ्यांच्या जागाही ठरलेल्या असत. असा माणूस आडनावावरून नाही कसा म्हणेल? ताईने दिनेशला रविवारी बोलावलं. एकच गोष्ट हवी होती तिला: बाबांनी त्याला घरातला म्हणावं. पळून जाऊन लग्न करणाऱ्यांतली ती नव्हती. बाबांच्या एका शब्दावर तिचं माहेर राहणार होतं किंवा जाणार होतं.

दिनेश ठरल्या वेळेच्या आधी आला. हातात स्टीलचा डबा, त्यात त्याच्या आईने पाठवलेलं घरचं तूप. मंडळी अजून उठली नव्हती, म्हणून बाबांनी त्याला व्हरांड्यातच बसायला सांगितलं. ताई आतून तगमगत होती, पण मंडळीतून वाट काढून पुढे जायची सोय नव्हती. तो वेताच्या खुर्चीवर डबा मांडीवर धरून बसला होता, शाळेत दाखल्यासाठी आलेल्या पालकासारखा. मीच त्याला पाणी नेऊन दिलं. बऱ्याच वेळाने मंडळी गेली, कोहलीसाहेबांनी जाता जाता त्याच्या खांद्यावर थोपटलं, आणि त्याला आत घेतलं गेलं.

सुरुवात बरी झाली. आईने वडे दिले, त्याने “साबूदाना वडा” म्हणून ओळखले, आईचा चेहरा खुलला. तुपाचा डबा उघडून तिने वास घेतला आणि “असं तूप दिल्लीत नाही हो मिळत” असं मराठीतच म्हणाली. मग बाबा उठले. मुरादचा खण काढून त्यांनी दिनेशपुढे ठेवला. मला अभिमान वाटला. खण समोर ठेवणं हा बाबांच्या लेखी मोठाच मान होता. दिनेश वाकून बघू लागला. हात त्याने मागे बांधले होते.

“देखिए,” बाबा म्हणाले, “बाप जीवित है और बेटे कट-मर रहे हैं. इसे हम लोग यादवी कहते हैं. यादवी.” तो शब्द त्यांनी दोनदा म्हटला, संथपणे, शुद्ध. “और यादवी एक बार घर में घुस जाए, तो समझिए उस घर का सत्यानाश.”

दिनेशने मान वर केली. बाबा त्याच्याकडे बघत नव्हते, रुपयाकडे बघत होते. “जी,” तो म्हणाला. टेबलावर ठेवलेल्या बशीतला वडा अर्धा होता, तो त्याने संपवला, कारण अन्न टाकायची त्याला सवय नसावी. मग आईला वाकून नमस्कार केला आणि निघून गेला. ताई दारातच उभी होती.

“बाबा, घरी आलेल्या माणसाला हे काय बोललात तुम्ही?”

“काय बोललो? इतिहास सांगितला.”

“यादव घरात घुसला तर सत्यानाश, हा इतिहास?”

“यादव नाही, यादवी. मराठी शब्द आहे. तुला मराठी येत नाही हा माझा दोष नाही.”

‘यादवीचे रुपये’ ताईने शंभरदा ऐकलं होतं, पण नाण्यांचं नाव समजून; शब्दाचा अर्थ तिला खरंच ठाऊक नव्हता. ती हिंदी माध्यमात शिकली, मराठी घरापुरती. मराठी पुस्तक हातात दिलं तर दुसऱ्या पानावर तिला झोप येई. ती माझ्याकडे वळली. मी पंधरा वर्षांची होते आणि शब्द मला माहीत होता, त्यामुळे मी एकदम महत्त्वाची झाले. “ताई, खरंच आहे तसा शब्द,” मी म्हणाले. “कृष्णाचे यादव आपसांत लढले ना, त्यावरून. बाबांच्या मनात तसं काही नव्हतं.” आतून कुकरची शिट्टी झाली. मंडळी गेल्याबरोबर आईने कुकर चढवला होता, आणि त्या दिवशी तिने किती शिट्ट्या होऊ दिल्या देव जाणे. डाळीचं पार पिठलं झालं.

मग मी वकिली हातात घेतली. पुढच्या आठवड्यात ताईने दिनेशला मार्केटमध्ये बोलावलं, छोले-कुलच्याच्या गाडीपाशी, आणि मला पुढे केलं. मी शाळेच्या गणवेशात होते. आजूबाजूला बायका स्वेटरच्या ढिगांत हात घालून भांडत होत्या आणि मी त्या गोंगाटात एका मोठ्या माणसाला मराठी शब्दाची व्युत्पत्ती समजावत होते. “भैया, वो आपके बारे में नहीं था. हमारी भाषा में वैसा शब्द ही है. बाबा तो सबको यही बोलते हैं.” तो अगदी गंभीरपणे ऐकत होता. मध्ये त्याने शंकाही विचारली, की मग कौरव-पांडवांच्या भांडणालाही यादवीच म्हणाल का? मी क्षणभर अडखळले आणि म्हणाले, हो, म्हणू. तो हसला. “अच्छा. तो बात हमारे ही पुरखों की निकली. ठीक ही कहा फिर अंकल ने.” ताई रडता रडता हसायला लागली. त्याने मला दुसरा कुलचा घेऊन दिला. मी घरी आले ती हवेतच.

आता बाबांनी फक्त एक वाक्य बोलायचं होतं. ‘गैरसमज झाला, तसं मनात नव्हतं.’ फोनवर चाललं असतं, शेजाऱ्यांच्या फोनवरसुद्धा. मी तसं त्यांना सांगितलं, मोठ्या खुशीत, जणू परीक्षेतलं सोपं उत्तर त्यांच्या हातात देत होते. बाबांनी भिंग खाली ठेवलं.

“खुलासा कशाचा? मी गुन्हेगार आहे?”

“तसं नाही बाबा, पण त्याला वाटलं...”

“कुणाला काय वाटतं यावरून मी भाषा बदलू? आज हा शब्द काढा, उद्या तो काढा. तत्त्वाचा प्रश्न आहे, नीलू.”

आई भाजी निवडत होती. “अहो, एका वाक्याने पोरीचं माहेर राहतंय,” ती म्हणाली. बाबांनी भिंग पुन्हा डोळ्याला लावलं. तत्त्व! ज्याला कसलंच तत्त्व नसतं त्याला ते नेमकं अशा वेळी सापडतं, हे मला आज कळतं. तेव्हा मला ते हट्टी वाटले, पण थोर वाटले. शब्दासाठी ठाम उभा राहणारा बाप! पंधराव्या वर्षी माणूस मूर्ख असतो, आणि शिकलेल्या घरातला असला तर जास्तच.

ताईचं लग्न एका रविवारी सकाळी आर्यसमाज मंदिरात झालं. आमच्याकडून आई आणि मी. बाबांनी ‘मंडळी येणार आहेत’ असं कारण सांगितलं. आई अबोली रंगाची साडी नेसून निघाली, करंडा तिने पिशवीत टाकला, ताईला द्यायला. दारात थांबून म्हणाली, “वडे नाहीत आज. चहा तुमचा तुम्ही करा. साखर निळ्या डब्यात आहे.” दुपारी आम्ही परतलो तर मंडळी बसलेली, आणि कोहलीसाहेब स्वयंपाकघरात चहा गाळत होते. ज्यांना साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या टांकसाळी तोंडपाठ, त्यांना काडेपेटी सापडली नव्हती म्हणे. कोहलीसाहेबांनी आईकडे पाहून हात जोडले. आई सरळ आत गेली आणि मंडळी समोर असतानाच तिने कुकर लावला. नादाबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही.

तुपाचा डबा आमच्याकडेच राहिला होता. रिकामा डबा परत पाठवायची आपल्यात पद्धत नाही, म्हणून आईने त्यात चिवडा भरून तो माझ्या हाती फरीदाबादला पाठवला. तिकडून बाजरीचे लाडू आले. इकडून पुरणपोळ्या गेल्या. बाबा जिवंत होते तोवर ताईने ते राहत होते त्या घराचा उंबरठा ओलांडला नाही, तो डबा मात्र येत-जात राहिला. तूप बाबाही खायचे. गरम भातावर भरपूर घेऊन, कुठून आलं हे न विचारता.

पुढे हा प्रसंग आमच्याकडे विनोद म्हणून सांगितला जाऊ लागला. मीच सांगायचे. एका शब्दावरून केवढं रामायण झालं बघा, भाषेचा घोळ, दिल्लीतल्या मराठी माणसांची गंमत. मयूर विहारच्या आमच्या सोसायटीत गणपतीत मी तो इतक्यांदा सांगितला आहे की लोक ‘नीलाताई, ते यादवीचं सांगा’ अशी फर्माईश करत. बाबाही म्हातारपणी माझ्याकडे राहायला आल्यावर तो ऐकून गालात हसायचे. मी सांगताना त्यांची बाजू चोख मांडायचे. हट्टी होते, पण मनात काही नव्हतं, असा समारोप असायचा.

बाबा गेले त्या हिवाळ्यात कोहलीसाहेब भेटायला आले. नव्वदीला टेकलेले, नातवाचा हात धरून. बाबांची नाणी आता माझ्याकडे आहेत. कपाट सोसायटीच्या लिफ्टमध्ये मावलं नाही म्हणून खण तेवढे पलंगाखाली. कोहलीसाहेबांनी चहा घेतला, टिक्की नाही का म्हणून हसले, आणि म्हणाले, “बेटा, एक बार गृहयुद्ध वाले रुपये दिखा दे.”

मी खण काढायला वाकले आणि तशीच थांबले. मी मुद्दाम विचारलं, “अंकल, बाबा आपको यादवी नहीं कहते थे?”

“क्या?” त्यांनी कानाला हात लावला. “नहीं बेटा. ये शब्द तो मैंने कभी सुना नहीं. सिविल वॉर बोलने पर डाँटते थे तेरे बाबा. गृहयुद्ध, गृहयुद्ध.”

त्यांच्यापुढे खण ठेवला, ते दोन बोटांनी मुरादचा रुपया कडेने धरून बघत राहिले, आणि मी समोर बसून त्या रविवारचा एकेक शब्द जुळवत होते. जो माणूस अर्ध्या तासापूर्वी त्याच खोलीत, त्याच रुपयांना, हिंदीत गृहयुद्ध म्हणत होता, तो दिनेशपुढे मराठी शब्द का काढतो? निबंधात पहिला नंबर मिळवणारा माणूस, उधारीचा शब्द सहन न करणारा. आडनावावरून नाही म्हणायची त्याला लाज वाटत होती, टाळ्या गेल्या असत्या. म्हणून त्याने पाहुण्याला घरी बोलावलं, वडे खाऊ घातले, आणि शुद्ध मराठीत तडाखा दिला. वर पकडला गेला तर सुटायला वाट ठेवली. आणि त्या वाटेवर चाळीस वर्षं पहारा कुणी दिला? मी. गणपतीत, टाळ्या घेत. मुरादसाठी गळा काढणारा हा माणूस माझा बाप होता, आणि भेकड होता. मला अजून त्याचा राग येत नाही, किळस येते.

दुसऱ्याच दिवशी मेट्रोने फरीदाबादला गेले. ताई आत भाकरी थापत होती. जिजाजी गच्चीत उन्हाला बसले होते, मटार सोलत. मी त्यांना सांगितलं. ते सोलत राहिले.

“मुझे उसी दिन पता था, नीलू. मैं बरामदे में ही तो बैठा था. खिड़की खुली थी.”

“तो मार्केट में मेरी बात क्यों मान ली?”

“तू स्कूल की ड्रेस में खड़ी-खड़ी इतनी मेहनत से अपने बाप को बचा रही थी. मैं तेरे हाथ से कैसे छीन लेता?” त्यांनी एक शेंग सोलून दाणे माझ्या हातावर ठेवले. “और शुभा को भी मत बताना. उसके पास ज़िद्दी बाप है. रहने दे.”

ताई पदराला हात पुसत वर आली. “काय गुपचूप चाललंय दोघांचं?”

“काही नाही. बाबांच्या नाण्यांचं.”

“यादवी!” ती म्हणाली आणि खळखळून हसली. तिच्या मराठीतला हा एकच जड शब्द, आणि तो तिला अगदी बरोबर वापरता येतो. नातवंडांनाही तिने ती गोष्ट शिकवली आहे, मी सांगायचे तशीच, शेवटी बाबा निर्दोष. मग आम्ही खाली जाऊन मटारची उसळ आणि भाकरी जेवलो, वर तूप.

गणपतीत मी आता ती गोष्ट सांगत नाही. घसा बसलाय म्हणते. पण खरी काय झाली ती कुठेतरी सांगून टाकल्याशिवाय मला चैन पडेना. हिंदीत लिहिलं असतं तर वाचणारे जास्त मिळाले असते, तसं एकाने सुचवलंही होतं. मी नाही म्हणाले. ताई अजूनही मराठी पुस्तकाच्या दुसऱ्या पानावर झोपते.